अंगठ्याच्या मुळाशी

“अंगठा आत घे आणि त्यावर मूठ मिट. आता मनगट हळूच करंगळीकडे वाकव.”

त्यानं वाकवलं आणि अर्ध्यातच “आई गं” करून हात मागे ओढला. याहून जास्त तपासावं लागत नाही. अंगठा उचलणाऱ्या आणि बाहेर नेणाऱ्या दोन कंडरा (माझ्याकडे येणारी माणसं त्यांना शिराच म्हणतात) मनगटाच्या कडेनं एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा महिनोन् महिने एकाच तऱ्हेनं चालत राहिला की बोगद्याची भिंत जाड होते, कंडरा घासायला लागतात आणि मग चहाचं भांडं उचलतानाही कळ येते. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन नावाच्या स्विस सर्जननं १८९५ मध्ये हे दुखणं नीट लिहून ठेवलं, म्हणून दुखण्याला त्याचं नाव.

कोल्हापुरात मी सतरा वर्षं फिजिओथेरपी करते आहे. असे अंगठे माझ्याकडे सगळीकडून येतात. हुपरीचे चांदीवाले येतात, पैंजणाच्या कड्या जोडून जोडून त्यांचा हात धरलेला असतो. चार महिन्यांच्या बाळांच्या आया येतात, कारण काखेत हात घालून बाळ उचलण्याची रीतच अशी की सगळा भार त्या दोन कंडरांवर येतो. चपला शिवणारे येतात. या मुलाचा हात तसाच होता, फक्त कारण वेगळं होतं.

“काम करून दुखला असता तर काय वाटलं नसतं, मॅडम,” शेजारी बसलेले वडील म्हणाले. “गेम खेळून दुखतोय ह्याचा हात. बंद कर म्हणून तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाही.”

मुलगा विसाचा. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. मान खाली घालून डाव्या अंगठ्याचं मूळ चोळत बसला होता.

ज्या गोष्टीनं हात दुखतो ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी उपचार ठरवत नाही. कारागिराला त्याचा चिमटा आणि सांडशी घेऊन यायला सांगते, आईला बाळ घेऊन. ह्याला म्हटलं, तू कसा धरतोस ते दाखव. त्यानं दप्तरातून एक कंट्रोलर काढला. जांभळट निळा, दोन्ही बाजूंना मुठी असलेला, जुना. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढं हिरवं बटण, त्याला लागून छोटं लाल, आणि भोवती घेवड्याच्या दाण्यांच्या आकाराची दोन करडी बटणं. डाव्या अंगठ्याखाली एक करडी काडी. त्या काडीभोवतीचं भोक गोल नव्हतं, अष्टकोनी होतं. आठ दिशांना आठ खाचा, म्हणजे अंगठ्याला न बघता दिशा सापडते. ज्यानं कुणी हे घडवलं त्याला हात कळत होता, हे मला त्या खाचांवरून बोट फिरवतानाच जाणवलं.

मग त्यानं काडी डावी-उजवी, डावी-उजवी अशी काही चालवली की मला अंगठा दिसेचना. नुसता प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटल्याचा बारीक टकटकाट ऐकू आला. आणि मध्येच, त्या वेगात, काडी खालच्या तिरक्या खाचेत जाऊन थांबायची. नेमकी. दहा वेळा करून दाखवलं, दहाही वेळा त्याच खाचेत. इतक्या हातांवरून माझी बोटं फिरली, पण असा अंगठा मी पाहिला नव्हता.

“मॅडम, खेळ समजून घ्यायचा असेल तर ‘द स्मॅश ब्रदर्स’ बघा,” तो निघताना म्हणाला. “नऊ भाग आहेत, यूट्यूबवर फुकट. मी तेच बघून या खेळात आलो.”

‘द स्मॅश ब्रदर्स’ हा त्या खेळावरचा आणि तो खेळणाऱ्यांवरचा माहितीपट. रात्रीचा ओटा आवरून तीन बैठकांत मी ते नऊ भाग पाहिले. चार तासांहून जास्त. त्यातला एक भाग लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला.

आधी खेळाविषयी. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ हा खेळ निन्टेन्डो कंपनीनं २००१ च्या अखेरीस आपल्या गेमक्यूब या यंत्रासाठी काढला. मारिओ, पिकाचू, लिंक अशी वेगवेगळ्या खेळांतली पात्रं एका मंचावर येऊन एकमेकांना हाणतात. यात दम संपून कुणी पडत नाही. मार बसेल तसा टक्का चढत जातो, आणि टक्का जितका वर तितकं पात्र पुढच्या फटक्याला लांब उडतं. मंचाबाहेर गेलं की एक जीव गेला. स्पर्धेत प्रत्येकाला चार जीव आणि आठ मिनिटं. बनवणारे मासाहिरो साकुराई यांच्या मनात होता तो दिवाणखान्यातला खेळ, घरी पाहुणे आले की चौघांनी बसून खेळावा, कुणालाही जमावा असा.

कुणालाही जमणाऱ्या त्या खेळाच्या तळाशी दुसराच एक खेळ दडलेला निघाला. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं येतात, त्यातल्या एकाला फ्रेम म्हणायचं. उडीत वार करून जमिनीला टेकलं की पात्र क्षणभर जड होतं, काही करू शकत नाही. पण टेकण्याआधीच्या सात फ्रेमांत, म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी वेळात, खांद्याकडचं बटण दाबलं तर तो जडपणा निम्मा होतो. शिवाय उडी सुरू होताच तिरकं खाली जमिनीत घुसल्यासारखं केलं तर पात्र उभ्या उभ्या घसरत जातं. याला वेव्हडॅश म्हणतात. खेळ बनवताना ही गोष्ट लक्षात आली होती आणि तशीच राहू दिली, असं साकुराई यांनी पुढे सांगितलं. खेळणाऱ्या पोरांनी ती उचलली आणि तिच्यावर अख्खी विद्या उभी केली. त्या मुलाची काडी ज्या तिरक्या खाचेजवळ थांबत होती ती याचसाठी.

मी हे पाहताना हाताचाच हिशेब करत होते. प्रत्येक उडीला एक जास्तीचं बटण, प्रत्येक पावलाला काडीचे दोन झटके, एका सामन्यात आठ मिनिटं, एका संध्याकाळी असे कितीतरी सामने. हुपरीच्या कारागिराचा चिमटा दिवसभरात जेवढा उघडतो-मिटतो, त्याच्याशी याची तुलना करायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

सॅमॉक्स या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकानं ही मालिका २०१३ च्या ऑक्टोबरात लोकांसमोर ठेवली. गोष्ट सात खेळाडूंभोवती फिरते. सगळे टोपणनावांनी ओळखले जाणारे: केन, इसाई, एझन, पीसी ख्रिस, कोरियनडीजे, म्यूटूकिंग, मँगो. कॅलिफोर्नियाचा केन होआंग हा पहिला राजा. मार्थ या तलवारवाल्या पात्राला घेऊन त्यानं वर्षानुवर्षं सगळ्यांना हरवलं. आधी पुढे वार आणि त्याला जोडून हवेतूनच खाली ठोकणारा वार, या त्याच्या जोडडावाला ‘केन कॉम्बो’ असं त्याचंच नाव पडलं. त्या सगळ्या वर्षांत मिळून बक्षिसांचे ५० हजार डॉलरच्या घरात त्यानं मिळवले असं सांगतात. वडिलांनी पुढच्या खेपेला मला हाच प्रश्न विचारला, “पैसे किती मिळतात त्यात?” मी आकडा सांगितला, आणि हेही सांगितलं की तो सगळ्यांत यशस्वी माणसाचा आकडा आहे. खोटं कशाला सांगायचं? या खेळात घर चालवणारे मोजकेच. २००८ मध्ये हा केन ‘सर्व्हायव्हर’ या टीव्हीवरच्या स्पर्धेत गेला आणि पाचवा आला. बाकीच्यांतले बरेच जण नोकरीधंद्याला लागले.

एझन आणि पीसी ख्रिस यांच्याविषयी मी फार सांगत नाही. व्हर्जिनियाचा एझन कुठलंही पात्र हातात घेऊन खेळायचा. न्यूयॉर्कचा पीसी ख्रिस राजाला खाली खेचणाऱ्यांत पुढे होता. पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा अशी ईर्ष्या होती आणि ती मालिकेत चांगली रंगली आहे. पण माझं मन अडकलं ते तीन माणसांपाशी.

एक इसाई. केनचा जोडीतला साथीदार. कॅप्टन फाल्कन हे पात्र घेऊन खेळायचा. त्याच्याविषयी सगळे एकच सांगतात: हात देवाचा आणि जिंकण्याची हौस नाही. स्पर्धेत मुद्दाम भलतीच पात्रं घ्यायचा, हरला तरी काही वाटून घ्यायचा नाही. सुधारण्यासाठी काय करू असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, “मार खाऊ नकोस.” लोक हे वाक्य हसत सांगतात. मला त्यात काहीच हसण्यासारखं वाटलं नाही. ज्याच्या हातात विद्या जन्मतःच आल्यासारखी असते त्याला ती उलगडून सांगता येत नाही. आमच्या ओळखीचे एक म्हातारे पखवाजिये आहेत, त्यांना बोल कसा काढता विचारलं की ते म्हणतात, “असा,” आणि वाजवतात. बस. शिकवण्याची पायरीच त्यांच्याकडे नसते, कारण ते कधी त्या पायरीवर उभेच राहिलेले नसतात.

दुसरा म्यूटूकिंग. हा इसाईच्या अगदी उलट. खेळातला प्रत्येक फटका कितव्या फ्रेमला सुरू होतो, कितव्याला संपतो, कुठवर पोचतो, हे त्यानं खेळाच्या आतल्या तपासणीच्या सोयी वापरून मोजलं, लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याला रोबो म्हणायचे. लोकांत मिसळणं अवघड जाणारा मुलगा. पण या एका खेळाविषयी बोलायला लागला की थांबत नाही. मालिकेत तो बोलतो तेव्हा मी त्याचा चेहरा बघत होते. मोजणं ही त्याची जगाशी बोलायची भाषा होती. त्यानं हे आकडे स्वतःपाशी ठेवले असते तर आणखी कित्येक स्पर्धा सहज जिंकला असता. त्यानं वाटून टाकले, आणि मग त्याच्याच आकड्यांवर शिकलेली पोरं त्याच्यासमोर येऊन बसली. मला यात फार मोठं मन दिसतं, आणि मालिकेनं ते आणखी थांबून दाखवायला हवं होतं असं वाटतं.

तिसरा कोरियनडीजे. हाच तो भाग, जो मी दोनदा पाहिला.

मॅसॅच्युसेट्सचा हा मुलगा २००६ च्या सुमाराला वर आला. त्याचा खेळ बघताना मला तो कळायला लागला होता, म्हणजे पुढे काय करणार हे आधी वाटायला लागलं होतं, आणि तरी तो दर वेळी माझ्या अंदाजाच्या अर्ध पाऊल पुढे असायचा. आणि मग त्याचे हात गेले. दुखायला लागले, दुखत राहिले आणि त्याला खेळातून बाहेर पडावं लागलं. पडद्यावर तो हे शांतपणे सांगतो. मी मात्र स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून आपल्याच मांडीवर बोटांनी त्याच्या मनगटाच्या खाणाखुणा शोधत होते. कुठून सुरू झालं असेल? रात्री झिणझिण्या येत होत्या का? काडीचा हात की बटणांचा? कुणी त्याला सांगितलं होतं का की दुखणं सुरू झालं त्या आठवड्यात खेळाची पकड बदलली असती, दोन सामन्यांमध्ये हात सैल सोडले असते, तर कदाचित... त्या काळी अशा स्पर्धांत हाताकडे बघणारं कुणी नव्हतं. आज अमेरिकेत केवळ या खेळाडूंच्या हातांवर काम करणारे फिजिओ आहेत. काडीच नसलेला, सगळी बटणंच असलेला चौकोनी कंट्रोलरही निघाला आहे. त्यात अंगठा ओढावा लागत नाही, बोटं नुसती दाबतात. तो कंट्रोलर घेऊन खेळणं न्याय्य आहे की नाही यावरून वाद चालतात. कोरियनडीजेचा भाग पाहिला असल्यामुळे मी त्या वादात कुठल्या बाजूला आहे हे वेगळं सांगायला नको.

हे लिहिताना वडिलांचं ते वाक्य परत परत आठवतं. काम करून दुखला असता तर. कंडरेला काम आणि खेळ यांतला फरक कळत नाही. चांदीची कडी असो, बाळ असो, काडी असो, ती फक्त एवढंच जाणते की मला हजार वेळा याच वाटेनं जायला लावलं आणि मी गेले. मग आपण का फरक करतो? कारागीर बाकावर येऊन बसला की त्याच्याविषयी सगळ्यांना आदर वाटतो, कारण त्याच्या दुखण्याच्या पलीकडे मजुरी आहे, घर आहे. तो आदर योग्यच आहे. पण त्याच आदरातला थोडासा वाटा एखादी अवघड गोष्ट निव्वळ अवघड आहे म्हणून साधणाऱ्या हातालाही मिळावा असं मला मनापासून वाटतं. त्या मुलाच्या अंगठ्याला जे येत होतं ते येण्यासाठी तीन वर्षं गेली होती. कुणी लावली नव्हती, त्यानं स्वतः घातली होती.

मालिकेचं मोठं काम हेच आहे की ती असे हात बघायला शिकवते. लहानपणी आजोबा मला खासबागेत कुस्ती बघायला न्यायचे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं ते मैदान. मला आधी नुसती दोन माणसं एकमेकांना धरून उभी दिसायची, मिनिटंच्या मिनिटं काही घडतच नाही असं वाटायचं. आजोबा कानाशी सांगायचे, “आता ढाक बसणार बघ. नाही, त्यानं पाय काढला. आता तो कलाजंग बघतोय.” हळूहळू उभी माणसं हलायला लागली माझ्यासाठी. डावाला नाव मिळालं की तो दिसतो. ‘द स्मॅश ब्रदर्स’चा पहिला भाग तेच आजोबांचं काम करतो. डावांची नावं सांगतो, हळू करून दाखवतो, आणि सातव्या-आठव्या भागापर्यंत येईतो पडद्यावरची ती रंगीत धावपळ वाचता येऊ लागते. मग मँगोचा भाग येतो. कॅलिफोर्नियातल्या नॉरवॉकचा सोळा वर्षांचा पोरगा २००८ च्या फेब्रुवारीत मेरिलँडमध्ये ‘पाउंड ३’ ही स्पर्धा जिंकतो, तेही जिग्लीपफ नावाच्या गुलाबी फुग्यासारख्या पात्राला घेऊन, ज्याच्याकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती. तोपर्यंत मला एवढं दिसायला लागलं होतं की त्या फुग्याच्या हवेतल्या तरंगण्यावर मी रात्री साडेअकराला एकटीच “वा!” म्हणून गेले.

दिग्दर्शकाविषयी माझी एकच तक्रार आहे. जुन्या स्पर्धांची सगळी चित्रफीत कुणीतरी हातात कॅमेरा धरून डबा टीव्हीच्या पडद्याची काढलेली. पडदा लुकलुकतो, मागे पोरं ओरडतात. ते मला फार आवडलं. मुलाखतींत चेहरे आहेत. पण हात फार थोडे आहेत. इतक्या तासांत कॅमेरा खाली मांडीकडे आणखी कितीतरी वेळा वळू शकला असता. खेळ तिथे चालला होता.

डबा टीव्हीची गोष्ट मला नंतर त्या मुलानंच समजावून सांगितली. नवे सपाट टीव्ही आत आलेलं चित्र थोडं घोटून मग दाखवतात, तेवढ्यात काही फ्रेमा जातात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत बटण दाबलं की त्याच क्षणी चित्र. म्हणून दोघांनी मिळून उचलावे लागणारे ते जड टीव्ही पोरं गाडीत घालून स्पर्धेला न्यायची, अजूनही नेतात. २००८ मध्ये कंपनीनं याचा पुढचा खेळ काढला, ‘ब्रॉल’. त्यात पळताना पात्र कधी कधी काही कारण नसताना घसरून पडायचं, मुद्दाम तसं ठेवलेलं. ज्यांनी सात फ्रेमांची शिस्त अंगी बाणवली होती त्यांना हे कसं सहन व्हावं? मेलेच्या स्पर्धा कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियातल्या ‘जेनेसिस’मध्ये स्वीडनहून आर्माडा नावाचा मुलगा पीच या राजकन्येला घेऊन आला आणि अंतिम फेरीत मँगोशी भिडला. मँगो जिंकला. कंपनी ज्या खेळाला मागे सोडून गेली त्यासाठी स्वीडनहून कुणी येतं, यात खेळाविषयी जे आहे ते आहेच.

मालिका आली त्याच वर्षी, २०१३ च्या जुलैत, लास व्हेगासला ‘इव्हो’ ही मोठी स्पर्धा होती. तिथे कुठला खेळ घ्यायचा हे स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करून ठरलं. मेलेच्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरहून जास्त जमवले आणि पहिला क्रमांक मिळवला. स्पर्धेच्या काही दिवस आधी कंपनीनं इंटरनेटवरचं प्रक्षेपण थांबवायला सांगितलं. लोक इतके चिडले की काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. सातशेच्या आसपास खेळाडू आले. मँगो जिंकला. त्यानंतर ही मालिका पाहून जी नवी पोरं खेळायला आली त्यांना तिकडे ‘डॉक किड्स’ म्हणतात, माहितीपटाची मुलं. माझा पेशंट त्यांतलाच, फक्त फार उशिरा आणि फार लांब जन्मलेला. तो हे इंटरनेटवर, संगणकावर खेळतो. २०२० मध्ये स्लिपी नावाची सोय निघाली, तिच्यामुळे लांबच्या माणसाशीही जवळजवळ शेजारी बसल्यासारखं खेळता येतं. शेजारी बसून खेळेल असं कोल्हापुरात त्याला अजून कुणी सापडलेलं नाही.

एक गोष्ट मला सलली, ती लिहायलाच हवी. या नऊ भागांत बायका जवळजवळ नाहीत. मिल्कटी या नावानं खेळणारी लिलियन चेन बोलते, नेमकं बोलते, आणि खेळांच्या जगात बायकांना कसं वागवतात याविषयी तिनं पुढे जाहीरपणे मांडलंही. बाकी खोली पोरांची. रात्रभर एकाच घरात जमिनीवर झोपणारी, प्रवासात एकमेकांच्या खर्चात राहणारी पोरं. मालिकेत ते सगळं फार उबदार दिसतं. २०२० च्या जुलैत याच वर्तुळातून लैंगिक छळाच्या तक्रारी एकामागून एक बाहेर आल्या, आणि त्यांत नावाजलेली माणसं होती. ज्या घरांना मी पडद्यावर माया म्हणून पाहत होते, तिथे लहान मुलं-मुली मोठ्यांच्या भरवशावर राहत होती आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. हात बघणारं नव्हतं, तसंच. हे कळल्यावर मालिका टाकून द्यावी असं मला वाटलं नाही. पण त्या उबदार खोल्या मी आता पहिल्यासारख्या बघू शकत नाही.

मुलाला मी अंगठ्याचा पट्टा दिला, बर्फ सांगितला, कंडरेला हळूहळू ताण घ्यायला शिकवणारे व्यायाम दिले. वडील म्हणत होते तसं ‘बंद कर’ मात्र सांगितलं नाही. कारागिरालाही मी ते सांगत नाही, सांगून उपयोग नसतो. त्याला पकड बदलायला शिकवते. मुलाचंही तेच केलं. काडी अंगठ्याच्या टोकानं ढकलत होता, ती पेरावर घ्यायला लावली. कोपर हवेत असायचं, ते टेकवायला लावलं. पहिल्या आठवड्यात तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. “खाच चुकते, मॅडम. सगळं नव्यानं शिकतोय.” मी म्हटलं, हुपरीचे एक काका पंचावन्नाव्या वर्षी नव्यानं शिकले.

सहाव्या आठवड्याला तो एकटाच आला. अंगठा आत, मूठ मिटली, मनगट करंगळीकडे. माझं बोट कंडरेवर होतं. थोडी ओढ जाणवली, कळ नाही. त्यानं स्वतःच पुन्हा एकदा वाकवून बघितलं.

“आता खेळू?”

“एक सामना खेळायचा, मग वीस मिनिटं हात सैल.”

“एकात काय होतंय मॅडम, बेस्ट ऑफ थ्री असते.”

“मग पहिले दोन जिंक. तिसरा खेळावाच लागणार नाही.”

तो हसला, आणि दप्तरातून कंट्रोलर काढून नवी पकड बरोबर आहे का ते दाखवायला लागला.